सुनंदाताई आणि अडलेली पोटं

"काल काय खाल्लं ते नंतर सांगा. काल काय बाहेर आलं ते आधी सांगा."

सुनंदाताईंच्या दवाखान्यात जनावर घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला पहिला प्रश्न हा असायचा. तोही आत, दार लावून नाही. बाहेर काउंटरवर, सगळ्यांच्या देखत. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातली सुटाबुटातली माणसं, शाळेतून मुलांना घेऊन थेट आलेल्या आया, मांजराचा पिंजरा छातीशी धरून बसलेले चिनी आजोबा, सगळे आधी गोरेमोरे व्हायचे. मग कुणीतरी हळू आवाजात म्हणायचं, "टू डेज, नथिंग." ताई मान हलवून म्हणायच्या, "गुड. दॅट इज व्हॉट आय नीड." आणि मग जमिनीवर बसायच्या. खुर्चीवर बसून जनावर तपासलेलं मी त्यांना सहा वर्षांत पाहिलं नाही.

मी मूळची ठाण्याची. बायोटेकमध्ये मास्टर्स करायला मेलबर्नला आले, डिग्री मिळाली, नोकरी मिळाली नाही. पार्ट-टाइम म्हणून त्यांच्या रिसेप्शनवर बसले आणि पुढे व्हेट नर्स झाले. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा त्यांनी माझा सीव्ही उलटा करून ठेवला आणि विचारलं, "कुत्रं चावलंय कधी?" मी हो म्हटलं. "तरी आलीस? मग सोमवारपासून ये."

पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. केस कायम आखूड. निळा स्क्रब आणि त्यावर गळ्यात दोन स्टेथोस्कोप. एक त्यांचा आणि एक समोरच्या माणसासाठी. जनावराचं पोट मालकानं स्वतः ऐकलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. "घरी गेल्यावर मी नसते," त्या म्हणायच्या. दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सेसनी सुरुवातीला त्यांचं नाव 'सू' करायचा प्रयत्न केला होता म्हणे. ताईंनी शांतपणे सांगितलं, "वॅगा वॅगा हे गावाचं नाव म्हणता येतं ना तुम्हाला? मग सुनंदाही येईल." आलं.

मराठी त्या एरवी आपल्यासारखंच बोलायच्या, अर्धं इंग्रजी मिसळून. पण जनावर अवघड झालं, किंवा अवघडातून सुटलं, की तोंडातून थेट नागपूर बाहेर पडायचं. "काहून वं, झोपली का तू? पाय धर त्याचा!" हे ऐकलं की मी समजायचे, केस गंभीर आहे.

त्यांचं खास काम म्हणजे अडलेली पोटं. खाणं बंद केलेले ससे, ऑपरेशननंतर ज्यांची आतडी पुन्हा चालूच होत नाहीत असे कुत्रे, आठ-आठ दिवस कुंथणारी म्हातारी मांजरं. नेहमीची औषधं, सलाइन, एक्स-रे सगळं त्या करतच. त्याच्या जोडीला जुन्या चिनी पशुवैद्यकातल्या सुया. मागच्या पायाच्या गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला एक जागा, शेपटीच्या मुळाशी एक, शेवटच्या बरगडीमागे पाठीवर दोन. केसाएवढी बारीक सुई, आणि गरज पडली तर दोन सुयांना जोडलेली तार, तिच्यातून मुंगी चालावी इतपत करंट. चिनी वैद्यक म्हणतं की जठराचा जोर खालच्या दिशेला असतो. तो अडला किंवा उलटा फिरला की आजार. ताई शेतकऱ्याला हे सांगताना फक्त "ट्रॅफिक जॅम, मेट" म्हणायच्या, आणि मराठी माणसाला, "वात अडला म्हणतो ना आपण, तसं समजा. पण तसंच नाही. नेटवर जाऊन काढा करू नका."

हे सगळं त्या शिकल्या लिन सरांकडे.

नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून डिग्री घेऊन, नऊ वर्षं सरकारी नोकरी करून त्या नवऱ्याबरोबर इथे आल्या, तेव्हा त्या डिग्रीवर इथे कुत्र्याला इंजेक्शनसुद्धा देता येत नव्हतं. परीक्षा द्यायच्या होत्या. त्या अवघड असतात आणि पुन्हापुन्हा द्याव्या लागतात. तोपर्यंत पिंजरे धुवायचं काम मिळालं ते एका चिनी डॉक्टरांच्या दवाखान्यात. डॉक्टर लिन तेव्हाच सत्तरीला टेकलेले. इंग्रजी बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. ताई म्हणायच्या, "चार महिने त्यांनी मला 'मॉर्निंग' आणि 'मॉप' हे दोनच शब्द ऐकवले."

पाचव्या महिन्यात एक दिवस लिन सर एका म्हाताऱ्या लॅब्रेडॉरच्या मांडीत बोटं घालून नाडी बघत होते. ही नाडी त्यांच्या शास्त्रात फार महत्त्वाची. मालकीणबाईंनी कुत्र्याला घट्ट आवळून धरलं होतं, कुत्रं घाबरलं होतं, नाडी लागत नव्हती. ताईंनी मॉप भिंतीला टेकवला, मालकीणबाईंना बाजूला केलं, कुत्र्याच्या छातीखाली एक हात आणि पोटाखाली एक हात घालून त्याला नुसतं पेललं. कुत्रं सैल पडलं. लिन सरांनी नाडी पाहिली, मग वर पाहिलं आणि विचारलं, "यू व्हॉट?" म्हणजे तू कोण? ताई म्हणाल्या, "वेटरिनरी डॉक्टर, सर. इंडिया." सर म्हणाले, "व्हाय यू नो टेल?" ताई म्हणाल्या, "यू नो आस्क."

त्या दिवसापासून मॉप दुसऱ्याकडे गेला.

लिन सरांचे धडे त्यांनी एका लांबट वहीत देवनागरीत उतरवून घेतले. सुयांच्या जागांची चिनी नावं, 'होउ सान ली', 'क्वान युआन शू', आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बाण. आवाज चढतो तिथे वर, उतरतो तिथे खाली. सर त्यांच्याकडून ती वही मोठ्यांदा वाचून घ्यायचे आणि आपल्या इथे जन्मलेल्या नातीला हाक मारायचे, "कम, लिसन! शी से बेटर दॅन यू!" औषधांच्या कपाटातल्या बरण्या ताईंनी वासावरून ओळखायला घेतल्या. मुळ्याचं बी, रेवाचिनी, आणि एका मोठ्या बरणीत संत्र्याच्या जातीच्या फळाच्या वाळलेल्या साली, पोटाचा अडथळा मोकळा करणाऱ्या. जितक्या जुन्या तितक्या चांगल्या, असं सरांनी सांगितलं तेव्हा नागपूरच्या या बाई हसत सुटल्या. "सर, आमच्या गावात याचे डोंगर उकिरड्यावर पडतात!" सरांनी ते फार मनावर घेतलं. नंतर कितीतरी दिवस ते अधूनमधून मान हलवून म्हणायचे, "वेस्ट. बिग वेस्ट."

परीक्षा ताई तिसऱ्या खेपेला पास झाल्या. पुढे दोन वर्षं रीतसर कोर्स करून सुयांचंही सर्टिफिकेट घेतलं. आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली. ती मी इथे लिहिते, कारण त्या स्वतः ती प्रत्येक नव्या मालकाला सांगत.

केल्पी जातीचा एक तरणाबांड कुत्रा आला होता. दोन दिवस उलट्या, पोट गप्प. त्या दिवसांत ताईंच्या सुईला यश येत होतं. लागोपाठ चार-पाच जनावरं सुधारली होती, आणि हात शिवशिवत होते. एक्स-रेच्या खोलीत दुसरा पेशंट होता. ताईंनी विचार केला, तोवर सुरू तर करू. सुया लावल्या, करंट जोडला. आतडी जागी झाली आणि कुत्रं वेदनेनं किंचाळलं. आत मक्याचं अख्खं कणीस अडकलं होतं. बार्बेक्यूत कुणीतरी फेकलेलं. पुढे वाट बंद, आणि ताई मागून रेटा देत होत्या. लिन सर धावत आले, सुया उपसल्या, अर्ध्या तासात पोट उघडलं. आतडं फाटायच्या बेतात होतं. कुत्रं वाचलं.

सर ओरडले नाहीत. हात धुता धुता एवढंच म्हणाले, "यू लिसन टू युअर नीडल. यू नो लिसन टू डॉग."

"त्यांनी माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं," ताई मला म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून एक्स-रे किंवा स्कॅन केल्याशिवाय त्यांनी कुठल्याच अडलेल्या पोटाला सुई लावली नाही. आणि सुई मागायला आलेल्या प्रत्येकाला केल्पीची गोष्ट सांगायची. मला ते सुरुवातीला विचित्र वाटायचं. एकदा म्हटलंही, "ताई, लोक आपलं नाव ऐकून लांबून येतात. त्यांना पहिल्याच भेटीत हे कशाला सांगायचं?"

त्या म्हणाल्या, "माझी हुशारी कळून त्यांना काय मिळणार? माझी चूक कळली तर उद्या दुसरा कुणी फोटो न काढता सुई घेऊन उभा राहिला, तर हे लोक कुत्रं उचलून घरी नेतील."

सशांच्या बाबतीत तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ससा हे जनावर मोठं नाजूक. बारा तास खाल्लं नाही की आतडी थंडावतात, आणि मग ते मुकाट्यानं मरतं. माझ्या दुसऱ्या वर्षी इरा नावाची आठेक वर्षांची मराठी मुलगी बाबांबरोबर आली. टॉवेलमध्ये गुंडाळलेला पांढरा ससा, नाव मोदक. लाँग वीकेंडला हे लोक बाहेरगावी गेले होते. शेजाऱ्यांनी त्याला गवताऐवजी प्रेमानं बिस्किटं घातली होती. ताईंनी फोटो काढला. अडकलेलं काही नव्हतं. पोट नुसतं गॅसनं आणि सुकलेल्या चाऱ्यानं भरलेलं. त्यांनी दुसरा स्टेथोस्कोप इराच्या कानात घातला.

"काय ऐकू येतं, बाळा?"

"नथिंग."

"राइट. पोट झोपलंय. आता आपण त्याला उठवू."

इराचे बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे सुया-बिया... म्हणजे, नुसतं मनाचं समाधान, प्लासिबो वगैरे नाही ना?" ताईंचे कान तिखट. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सशाला प्लासिबो कळत असता तर किती बरं झालं असतं! अहो, वेदना थांबवायचं औषध दिलंय, सलाइन चालू आहे, पातळ चारा सिरिंजनं भरवतेय. सुई त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. तुम्ही बसा."

दुपारभर ते चाललं. सुया, भरवणं, हलकं चोळणं, जमिनीवर चार पावलं चालवणं, पुन्हा सुया. पाचच्या सुमाराला मोदकच्या टॉवेलवर एक लेंडी पडली. वाटाण्याएवढी, कोरडी. मग दुसरी. ताईंनी ती पांढऱ्या कागदावर घेतली, दिव्याखाली धरली आणि ओरडल्या, "चालू झालं न वं!" रिसेप्शनवरचे सगळे उभे राहिले. इराचे बाबा, मोठ्या बँकेत रिस्क मॅनेजर असलेला माणूस, सशाच्या लेंडीचा फोटो काढून बायकोला पाठवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इरा म्हणाली, "इट्स सो ब्यूटिफुल." ताई म्हणाल्या, "इट इज. अँड नो बिस्किट्स."

आपल्या लोकांच्या कार्यक्रमांना त्या क्वचित जायच्या. एकदा माझ्या आग्रहावरून दिवाळी फराळाला आल्या. हॉलमध्ये ग्लेन वेव्हर्लीतलेच एक गृहस्थ चकली खात शेजारी बसले. "डॉक्टर आहात असं कळलं. जनावरांच्या? माणसांच्या मेडिकलला मार्क कमी पडले का?" असं त्यांनी हसत हसत विचारलं. ताई म्हणाल्या, "नाही, लागला होता नंबर. मी घेतला नाही." गृहस्थांनी आडनाव विचारलं, ताईंनी सांगितलं. मग, "मेश्राम... म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?"

"उमरेडजवळचे."

"नाही, म्हणजे तसं नाही..."

 ताईंनी प्लेट खाली ठेवली. आवाज अजिबात चढला नाही. "तुम्हाला जे विचारायचंय ते सरळ विचारा ना. मी बौद्ध आहे. आणि तुमच्या मिसेस मघाशी सांगत होत्या की तुमच्या मांजरीला आठवडाभर साफ होत नाही. ते थांबवू नका. सोमवारी घेऊन या."

गृहस्थ सोमवारी आले. पिंजरा काउंटरवर ठेवून खाली बघत उभे राहिले. ताईंनी त्यांनाही जगाला विचारायच्या तोच प्रश्न विचारला, काल काय बाहेर आलं. त्या मांजरीचं मोठं आतडं फुगून सैल झालं होतं. ताणलेल्या इलॅस्टिकसारखं, परत आकसतच नव्हतं. औषधं, खाण्यातला बदल आणि सुया यांवर ताईंनी तिला आठ महिने छान चालवलं. गृहस्थ दर पंधरवड्याला यायचे. पुढे पुढे ताईंशी तासभर गप्पा मारायचे, जाताना "ताई, येतो" म्हणायचे. पण नवव्या महिन्यात मांजरी पुन्हा अडली, आणि फोटो बघून ताईंनी फाइल बंद केली.

"माझी सुई इथे थांबते. आता सर्जनकडे न्या. निकामी आतडं काढावं लागेल."

"ताई, अजून एकदा सुया लावून बघा ना. माझा विश्वास आहे."

"तुमचा विश्वास आतड्याला माहीत नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोरच सर्जनला फोन लावला. ऑपरेशन झालं. ती मांजरी पुढेही चांगली जगली.

आता हेदरच्या घोडीची गोष्ट. हेदर शहराबाहेर तासाभरावर राहणारी, गणिताची निवृत्त शिक्षिका. घरी एक घोडी, बिस्किट नावाची, वीस वर्षं सोबत असलेली. घोडीला पोटशूळ उठला, मोठ्या अश्व-रुग्णालयात नेलं, आतड्याला पडलेला पीळ सर्जननं सोडवला. ऑपरेशन उत्तम झालं, पण आतडी पुन्हा चालू होईनात. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटात साचलेलं पाणी दर दोन तासांनी नाकातून नळी घालून बाल्दीभर काढावं लागत होतं. तिसरा दिवस उजाडला. हेदरनं हॉस्पिटलला सांगितलं की मला माझ्या डॉक्टरला बोलवायचंय, सुयावालीला.

सर्जनचं नाव कॉलिन. उंच, थकलेला, तीन दिवसांची दाढी वाढलेला. त्यानं हात मिळवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मला या गोष्टींवर विश्वास नाही. पण माझ्याकडचं सगळं करून झालंय. उद्यापर्यंत फरक नाही पडला तर तिला कायमचं झोपवावं लागेल."

मला वाटलं ताई लगेच सुया काढतील. त्यांनी खुर्ची मागितली. हॉस्पिटलची अख्खी फाइल वाचली, प्रत्येक स्कॅन पाहिला, टाके कुठे घेतले, कशानं घेतले ते कॉलिनला विचारलं. "पुन्हा पीळ नाही, चिकटलेलं नाही, नक्की?" दोनदा विचारलं. कॉलिनला थोडा राग आला. ताई म्हणाल्या, "तुमच्यावर शंका नाही. मी एकदा एक कणीस सोडलं होतं." आणि तिथेही, त्या मोठ्या हॉस्पिटलात, त्या सर्जनसमोर, त्यांनी केल्पीची गोष्ट सांगितली. मी जमिनीकडे बघत होते. गोष्ट संपल्यावर कॉलिननं दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसून स्कॅन पुन्हा एकदा नीट दाखवला.

मग सुया. पहिल्या दिवशी सकाळी आणि दुपारी. काहीच नाही. नळीतून बाल्दी भरतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. हेदर तबेल्याच्या दाराशी खाली बसून होती. ताईंचा चेहरा उतरला होता. त्या घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या; जवळ गेले तर ऐकू आलं, "चल माय, चल, एवढं एक कर माझ्यासाठी."

दुपारी नळी घातली तर बाल्दी निम्मीच भरली. कॉलिन जागचा हलला नाही. ताईंनी सुया लावल्या, पंचवीस मिनिटं गेली, आणि त्यांनी एकाएकी माझा हात पकडून दुसरा स्टेथोस्कोप माझ्या कानात खुपसला. लांब कुठेतरी रिकामं पिंप घरंगळत न्यावं तसा आवाज. थांबला. पुन्हा आला. मी ओरडणार होते, ताईंनी बोट ओठावर ठेवलं. स्टेथोस्कोप त्यांनी कॉलिनला दिला. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग त्यानं तो हेदरच्या कानाला लावला. त्या गणिताच्या शिक्षिकेनं घोडीच्या पोटावर कपाळ टेकलं आणि लहान पोरीसारखी रडली.

दुसऱ्या सकाळी लीद पडली.

"तू नक्की काय केलंस?" कॉलिननं विचारलं.

"तू ऑपरेशन चांगलं केलंस. सलाइननं तिला जिवंत ठेवलं. नर्सेसनी तिला चालवलं. मी दार वाजवलं. कुणामुळे किती, ते घोडीलाच माहीत."

"माझ्या विद्यार्थ्यांनी हे बघायला हवं."

"जरूर. पण आधी तुझी फाइल कशी वाचायची ते त्यांना बघू दे. त्याच्याशिवाय सुई म्हणजे नुसती टोचणी आहे."

परत येताना गाडी मी चालवत होते. ताई शेजारी पाय पसरून बसल्या होत्या, पोळीची गुंडाळी खात. आनंदात होत्या, आणि अशा वेळी त्या बोलायच्या. मी विचारलं, "ताई, मेडिकलला नंबर लागला होता ते खरं?"

"खरं ना. बाबा आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी, सीट सोडली म्हणून." मग खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. बाबा तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात शिपाई. आजारी बैल खोड्यात घालायचा, दोर आवळायचा, डॉक्टर सुई देईपर्यंत धरून ठेवायचा. कितीही मारका बैल त्यांच्या हातात शांत व्हायचा. पण बैल बरा झाला की मालक डॉक्टरांच्या पाया पडायचे. बाबांना प्यायला पाणी मिळायचं ते वरून ओतून, ओंजळीत.

"आणि आजोबांना तर गाव बोलवायचं ते जनावर मेल्यावर. ओढून न्यायला." त्यांनी पोळीचा शेवटचा घास घेतला. "मेलेलं ओढणाऱ्याची नात, आजारी धरणाऱ्याची पोरगी. म्हटलं, बरं करणारीही याच घरातली होऊ दे. माणसांचे डॉक्टर काय, कुणाच्याही घरात होतात."

 माझं आडनाव ज्या बाजूचं आहे, त्या बाजूनं त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ताईंनीच माझी सुटका केली. "समोर बघून चालव. कांगारू आला तर मी पोट शिवणार नाही तुझं."

त्यानंतर वर्षातून दोनदा कॉलिन विद्यार्थ्यांची बॅच ताईंकडे पाठवू लागला. लिन सर तेव्हा नव्वदीला आले होते. पहिल्या बॅचला ताईंनी त्यांना घरून गाडीत आणलं, पुढच्या रांगेत खुर्ची दिली, आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "मला जे येतं ते यांनी शिकवलं. जे चुकलं ते माझं मी चुकले." सरांना ऐकू कमी यायचं. त्यांनी नातीला विचारलं, ती काय म्हणाली. नातीनं चिनीत सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि ताईंना वाकून नमस्कार केला. विद्यार्थी बघत राहिले. ताई घाईघाईनं फळ्याकडे वळल्या.

सर गेल्यानंतर वर्षभरातच ताईंनी ग्लेन वेव्हर्लीचा दवाखाना सहकाऱ्यांवर सोपवला आणि चार तासांवरच्या एका छोट्या गावात गेल्या. तिथला म्हातारा व्हेट निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. आम्ही सगळ्यांनी समजावलं. तिथे एकही आपलं माणूस नाही, थंडी किती, वय बघा. ताई म्हणाल्या, "गाई-मेंढ्या आहेत ना? मग आपलीच माणसं आहेत."

मी आता कॅनबेराला, गुंगालिनला असते. फोन होतात, पण त्यांना पाहिलं ते शेवटचं, मेलबर्न सोडायच्या आधीच्या महिन्यात. मुद्दाम भेटायला म्हणून ट्रेननं गेले होते. नेमका गावाच्या वार्षिक कृषी प्रदर्शनाचा दिवस होता आणि गुरांच्या स्पर्धेची बक्षिसं द्यायला यंदा डॉक्टरांना बोलावलं होतं. ताई पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या होत्या. साडीत मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मोठाल्या हॅटवाले शेतकरी वाट काढून देत होते, "डॉक्टर, हाउ आर या?" करत होते, आणि त्या प्रत्येकाला त्याच्या गाईचं नाव घेऊन उत्तर देत होत्या. मी मागे मागे, रिबिनींचा डबा धरून.

तीनच रिबिनी देऊन झाल्या होत्या, तेवढ्यात एक बाई गुरांच्या शेडमधून पळत आली. तिची कालवड डाव्या बाजूनं फुगली होती, श्वास घ्यायला धडपडत होती. ताईंनी हातातली रिबीन माझ्याकडच्या डब्यात टाकली, पदर कमरेला खोचला, शेजारच्या यूटच्या, म्हणजे पिकअप गाडीच्या, हौद्यातून कुणाचे तरी गमबूट उचलून पायांत चढवले. मला म्हणाल्या, "तुझी ट्रेन आहे न चारची? निघ तू. पोचली की फोन कर." मी काही म्हणायच्या आत त्या शेडकडे धावल्यासुद्धा. दारातली गर्दी दुभंगली, पांढरी साडी लोखंडी कठड्यावरून पलीकडे उतरली, आणि आतून त्यांचा आवाज आला, "स्टँड बॅक, मेट! गिव्ह हर रूम!"

डबा मी तिथल्या सेक्रेटरीबाईंच्या हातात दिला आणि स्टेशनची वाट धरली. मैदानाच्या फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागे लाउडस्पीकर खरखरला. बक्षीस समारंभ थोडा वेळ थांबेल, असं कुणीतरी सांगत होतं. कारण डॉक्टर कामात आहेत.